सहज फेकलेली चौकट

मी चौकट बोलतेय. दाराची नव्हे, खिडकीची नव्हे आणि फोटोची तर मुळीच नव्हे. फोटोच्या चौकटीला एकच तोंड पोटाशी धरून जन्मभर भिंतीवर लटकावं लागतं. मी शेतात फेकायची चौकट आहे.

हसलात ना? हसा, सगळेच हसतात. चार लोखंडी सळ्या, प्रत्येक हाताहून थोडी लांब, टोकाला टोक जोडलेल्या, आणि मध्ये काही नाही. हे 'मध्ये काही नाही' मी जन्मल्यापासून ऐकत आलेय, त्यामुळे आता त्याचा राग येत नाही. थोडासा येतो.

माझा जन्म एका वेल्डरच्या दुकानात झाला. रस्त्याच्या कडेला पत्र्याचं छप्पर, खाली ठिणग्यांनी काळी पडलेली जमीन, आणि भिंतीला टेकून ठेवलेली अर्धवट फाटकं. तिथं एक दिवस एक बाई आली. पायात चिखलानं माखलेले बूट, केसात कसलंसं गवताचं बी अडकलेलं. तिनं खडूनं जमिनीवर चौकोन काढून दाखवला.

"यात बसवायचं काय? काच की जाळी?" वेल्डरनं विचारलं.

"शेत," ती म्हणाली.

वेल्डरनं काळा चष्मा कपाळावर सरकवला, तिला नीट पाहून घेतलं आणि मुकाट्यानं सळई कापायला घेतली. गिऱ्हाईक कसंही असो, कोपरे काटकोनातच हवेत असा तो माणूस होता. गुण्या लावून, एक डोळा बारीक करून त्यानं मला जोडलं आणि तिच्या सांगण्यावरून पिवळाधमक रंग दिला, म्हणजे मी हिरव्या पिकात हरवणार नाही. न्यायला आली तेव्हा तिनं मला गळ्यात घालून पाहिलं आणि स्वतःशीच हसली. मी तिथंच तिची झाले. रंग पुरता वाळलाही नव्हता, तिच्या मानेवर पिवळा पट्टा उमटला आणि दिवसभर तिला ते कुणी सांगितलं नाही.

ती शेती सल्ला केंद्रात कामाला होती आणि तिचं काम तणांचं. पेरून उगवलं ते पीक आणि न पेरता उगवलं ते तण, एवढंच बहुतेकांना ठाऊक असतं, आणि तण दिसलं की हात आपोआप उपटायला जातो. तिचा जात नसे. ती आधी विचारायची, "तू इथंच का रे बाबा?" अगदी मोठ्यानं विचारायची. केंद्रातल्या लोकांनी तिचं नाव तणताई ठेवलं होतं, आणि तिला ते आवडतं हे कळल्यावर त्यांची चिडवण्यातली मजाच गेली.

तण कुठंही उगवत नाही, असं तिचं म्हणणं. पाणी मुरत नाही, साचून राहतं, तिथं लव्हाळा धरतो. मुरमाड, उपाशी जमिनीत एकदांडी. जिथं कधीकाळी उकिरडा होता तिथं तो हलवून कितीही काळ लोटो, काटेमाठ कमरेएवढा माजणार. भुसभुशीत ओलीत केना आणि घोळ. शेतकरी बोलावत नसला तरी जमीन कुणाला ना कुणाला बोलावतच असते. हे तिला पक्कं करून दाखवायचं होतं. एकच शेत घ्यायचं, हंगामामागून हंगाम तिथं जायचं, कुठल्या मातीत कोणतं तण ते पाहायचं आणि शेताचा नकाशा करायचा. मग मालकाला सगळ्या शेतावर तणनाशक ओतायची गरज नाही, जिथं तण असेल तिथंच तेवढं. तिच्या डोक्यात दुसरं काही नसायचं. लग्नकार्यात गेली तरी मांडवाच्या खांबाशी काय उगवलंय ते बघून यायची.

पण तणावरून माती ओळखता येते हे नुसतं म्हणून भागत नाही, खालची माती काढून दाखवावी लागते. त्यासाठी केंद्रानं तिच्या जोडीला मातीचा माणूस दिला. त्याचं खरं नाव कुणी घेत नसे. सगळे त्याला ढेकळे म्हणत, कारण त्याच्या तोंडून शब्द फुटायचा तर आधी पाणी शिंपडून भिजत ठेवावं लागे. वय तिच्याएवढंच, म्हणजे घरच्यांनी स्थळं आणणं थांबवलेलं. थोरल्या बहिणीकडे, अक्काकडे राहायचा. माणूस मातीचा एवढा पक्का, की चिमूटभर बोटांत चोळून नदीकाठची की डोंगरउताराची ते सांगायचा. कुणी नुसतं "कसे आहात?" विचारलं तर मात्र विचारात पडायचा.

आता आमचं काम कसं चालायचं ते ऐका. शेतात जायचं, शेताकडे पाठ करायची आणि मला खांद्यावरून मागं भिरकावायचं, न बघता. मी पडेन तिथं माझ्या आत जे उगवलं असेल ते ती मोजणार, आणि माझ्या मधोमध तो लांब गिरमिट फिरवून माती काढणार. मग मला उचलायचं आणि पुन्हा भिरकावायचं. हात त्याचा लांब, म्हणून फेकायचं काम त्याच्याकडे.

"एकच लक्षात ठेवा," तिनं पहिल्याच दिवशी बजावलं. "चौकट सहज पडली पाहिजे. बघून टाकली की माणूस आपल्याला हवं तिथंच टाकतो."

"बरं," ढेकळे म्हणाला.

हा 'सहज' शब्द तुम्ही माणसं फार वापरता. चार गल्ल्या वळसा घालून कुणाच्या दारात जाता आणि म्हणता, सहज आलो होतो. कुणाचा आवाज ऐकावासा वाटतो म्हणून फोन करता आणि म्हणता, सहज केला. मी तर असं पाहिलंय की जितका विचार जास्त, तितका हा शब्द हमखास. पण तेव्हा मी नवी होते आणि मला वाटायचं, सहज म्हणजे सहजच.

शेत एका उंच, खणखणीत आवाजाच्या बाईचं होतं. नवरा गेल्यापासून सगळं तीच बघायची. शेत वरून खाली उतरत जाणारं. वरचं अंग मुरमाड, मधलं काळंभोर, खालच्या बाजूला पाणी धरून ठेवणारी चिकण जमीन. मधल्या आणि खालच्या अंगाच्या सांध्यावर विजेचा एक खांब होता. ट्रॅक्टर त्याला वळसा घालून जायचा, त्यामुळे खांबाभोवती दोन खाटा मावतील एवढी जागा कधी नांगरलीच जात नसे. तिथली माती गांडुळांनी भुसभुशीत केलेली, आणि एवढ्याशा जागेत तणांचा नुसता बाजार भरलेला.

तिथं मी पहिल्यांदा पडले तेव्हा खरंच सहज पडले. हे मी शपथेवर सांगेन.

ती माझ्या एका बाजूला बसली, तो समोर. एरवी मोजणी चटकन व्हायची. मुरमावर काय, चार एकदांड्या मोजल्या की उठायचं. इथं मात्र उठता येईना. केन्याखाली घोळ, घोळीखाली कसलीशी बारीक दुधी, तिच्या आड अजून कुणीतरी. ती वाकून एकेक पान बाजूला सारत होती आणि बोलत होती. ही कुणाची मावसबहीण, हा कसा आगाऊ, याचं फूल सकाळी उघडतं आणि दुपारी कसं दार लावून बसतं. ढेकळेची माती केव्हाच काढून झाली होती. तो नुसता बसला होता. मग त्यानं मातीचा एक ओला गोळा तिच्या तळहातावर ठेवला.

"दाबा अंगठ्यानं," तो म्हणाला. "पट्टी निघते का बघा."

तिनं दाबलं. मातीची चपटी पट्टी निघाली, बोटभर लांब झाली आणि तुटली.

"यात चिकण आहे, पण वाईट नाही," तो म्हणाला. "अशी माती पाणीही धरते आणि श्वासही घेते."

त्या दिवसातलं त्याचं ते सगळ्यात लांब बोलणं. तिनं हात झटकला नाही, वाळेपर्यंत माती तशीच राहू दिली.

त्यानंतर मी खांबापाशी वरचेवर पडू लागले. मला आधी नवल वाटलं. तो पाठ तर करायचा, डोळेही मिटायचा. मग माझ्या लक्षात आलं. पाठ करायची हा नियम होता, पण उभं कुठं राहायचं याचा नियम कुणी केलाच नव्हता. गप्पांच्या ओघात तो दोन पावलं पुढं चालायचा, खांबाकडे पाठ येईल असा थांबायचा आणि म्हणायचा, "इथून टाकतो." ती रोपांच्या नादात असायची. तिनं कधी विचारलंच, "इथूनच का?" तर तो म्हणायचा, "सहज."

वरच्या अंगालाही जायचो आम्ही, नाही असं नाही. पण तिथं जायला दमछाक व्हायची, ऊन लागायचं, आणि मोजून लगेच व्हायचं. मग एखाद्या फेरीला वरचं अंग राहून जायचं. पुढच्या वेळी बघू, असं तो म्हणायचा, आणि पुढची वेळ पुन्हा खांबापाशीच संपायची.

आमचा ड्रायव्हर जीपमध्ये पाय वर करून पेपर वाचत बसायचा, पण त्याचं लक्ष सगळीकडे. एकदा परत जाताना त्यानं आरशात बघत विचारलं, "साहेब, त्या खांबावरची वीज तुमच्या घरी जाते का हो?"

ढेकळे खिडकीबाहेर बघू लागला. ती म्हणाली, "का? बिल जास्त येतं का त्यांना?" ड्रायव्हर इतका हसला की त्याला गाडी बाजूला घ्यावी लागली. तिला त्यातलं काही कळलं नाही. ज्या बाईला गवताच्या मुळाशी काय चाललंय ते कळतं, तिला शेजारच्या सीटवर काय चाललंय ते कळू नये, याची मला गंमत वाटायची. पुढं गंमत वाटेनाशी झाली. वाटायचं, अरे बाबा, एकदा बोल. रोप मोजताना तिनं मान वर केली की तुझे ओठ हलतात, आणि मग तू मातीबद्दलच काहीतरी बोलतोस.

मला स्वतःला विचाराल तर ते दिवस संपूच नयेत असं वाटायचं. माझ्या एका सळईला तिचा गुडघा टेकलेला, समोरच्या सळईला त्याचा. आपण रिकाम्या आहोत हे त्या वेळी माझ्या मनातही येत नसे. पण मला उचललं की आतलं सगळं तिथंच राहतं, हा माझा जन्मच तसला.

शेवटी नकाशा तयार झाला. केंद्रात त्याचं कौतुक झालं. मालकीणबाईंनी तो घराच्या भिंतीवर लावला आणि त्यावर विश्वास ठेवून खालच्या अंगाला तेवढंच तणनाशक मारलं. वरच्या अंगाला नकाशात विशेष काही नव्हतं, म्हणून तिकडे कुणी फिरकलं नाही. त्या हंगामात शेतात गहू होता.

गहू ओंबीवर आला तेव्हा त्यांचा निरोप आला, ताबडतोब या. आम्ही गेलो. बाई आम्हाला घेऊन वर चढल्या आणि नुसतं बोट दाखवलं. चांदवेलीनं वरचा सगळा गहू जमिनीला आडवा केला होता. एकेका काडीला पिळे घालून वर चढायचं आणि मग सगळा भार टाकून तिला खाली ओढायचं, असं तिचं काम. वर पांढरी फुलं इतकी देखणी की बघून चीड यावी.

"हे एका वर्षात होत नाही ना, ताई?" बाईंनी विचारलं. आवाज नेहमीसारखा खणखणीत नव्हता, हे जास्त लागलं. "मुळं माझ्या कोपरापर्यंत खोल गेलीत. मग तुमच्या नकाशात ही दिसली कशी नाही?"

तणताईनं एक वेल उपटून पाहिली, मूळ तुटून वर आलं आणि खालचं खालीच राहिलं. "नाही," ती म्हणाली. "एका वर्षात नाही होत." मग ढेकळेकडे वळली. "आपण इथं चौकट टाकत होतो ना?"

त्यानं मला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं.

ती खाली उतरू लागली. प्रत्येक पट्ट्यात थांबत, वाकून बघत, पुन्हा चालत. तो मला खांद्याला अडकवून मागून येत होता, आणि त्याच्या छातीचे ठोके माझ्या सळईला कळत होते. खांबापाशी आल्यावर ती थबकली.

तिथं जमिनीला चिकटून, गाडीच्या चाकाच्या आऱ्यांसारखं चहूबाजूंनी पसरलेलं एक चिवट गवत उगवलं होतं. त्याचं पुस्तकातलं नाव मला येत नाही. ती त्याला वाटसरू म्हणायची. ते पायवाटेवर उगवतं, फाटकात उगवतं, खेळाच्या मैदानावर उगवतं. मऊ जमिनीत इतर तणं त्याला उभं राहू देत नाहीत, पण जिथं पायाखाली तुडवून माती दगड झाली आणि बाकीचे सगळे हरले, तिथं ते निवांत बसतं. भर शेतात, नांगरही न पोचणाऱ्या जागी, त्याचं काय काम? आणि तेही दोनच पुंजके, समोरासमोर. मध्ये केना आणि घोळ पूर्वीसारखेच मजेत.

"तू इथं कसा रे बाबा?" तिनं गुडघ्यावर बसून विचारलं. मग मान वर न करता म्हणाली, "माती बघा हो जरा."

त्यानं मला खाली ठेवलं आणि पुंजक्यापाशी गिरमिट टेकवलं. एरवी तिथं ते लोण्यात जावं तसं जायचं. आता जाईना.

"कडक झालीय," तो म्हणाला.

"कशानं? इथं ट्रॅक्टर येत नाही, गुरं येत नाहीत. इथं चालतं कोण?"

मातीबद्दल विचारलं तर या माणसाला खोटं बोलता येत नसे. त्याला तेवढी एकच गोष्ट कधी जमली नाही.

"चालत कोणी नाही," तो म्हणाला. "बसतं."

"कोण बसतं?"

"आपण."

ती हसली. मग तिचं हसू तसंच अर्ध्यावर राहिलं. तिनं एका पुंजक्याकडे पाहिलं, दुसऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तणं जशी वाचायची, तसं ती आता हे वाचत होती, आणि मला वाटत होतं की हिला आज वाचता येऊ नये.

"इतक्या वेळा बसलो आपण इथं?" ती हळूच म्हणाली. "चौकट सहज पडायची ना?"

"पहिल्यांदा सहज पडली होती," तो म्हणाला.

ती उठून उभी राहिली. "म्हणजे वर ती वेल पसरत होती तेव्हा आपण इथं बसून होतो. बाईंचा गहू गेला. माझा नकाशा गेला. लोकांना मी काय तोंड दाखवू? माझी इतक्या वर्षांची मेहनत मातीत घातलीस तू."

तू. इतक्या वर्षांत ती त्याला कधी 'तू' म्हणाली नव्हती. दुसरा कुणी असता तर त्यानं बाकीचं सगळं ऐकलं असतं. ढेकळेनं आधी तेवढंच ऐकलं असणार, कारण त्याचा चेहरा एकदम उजळला, आणि बाकीचं पोचल्यावर विझला.

"का पण?" तिनं विचारलं. "का केलंस ते तरी सांग."

तो गिरमिटाच्या दांड्याला लागलेली माती खरवडत राहिला.

"इथं तुमचं मोजून लवकर संपत नसे," तो म्हणाला.

तिनं तोंड फिरवलं. तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला दिसलं नाही, मी जमिनीवर होते. मग तिनं मला उचललं, इतकं घट्ट धरून की रंगाचा पोपडा तिच्या मुठीत आला.

"यापुढं माझ्यासमोर बसू नका," ती म्हणाली. पुन्हा 'तुम्ही'.

दुसऱ्या दिवशी तो केंद्राच्या साहेबांकडे गेला आणि चूक आपली, तिची नाही, असं सांगून आला. मालकीणबाईंनाही जाऊन भेटला. त्या म्हणे त्याला खूप बोलल्या आणि मग चहा दिला. त्याला शेतावरून काढून प्रयोगशाळेत बसवलं. दुसऱ्यांनी पिशव्यांतून आणलेली माती तपासायची, बाहेर पडायचं नाही. तुम्हा माणसांचं हे मला फार जड जातं. एकजण रागाच्या भरात काहीतरी बोलून जातो, आणि दुसरा ते जन्मभर पाळत बसतो. पुन्हा तो कधी तिच्यासमोर बसला नाही. ती जिन्यात दिसली तर भिंतीला लागून उभा राहायचा.

तिनं नकाशा पहिल्यापासून करायला घेतला. सगळ्या शेतावर दोऱ्या ताणल्या, वरचं अंग, मधलं अंग, खालचं अंग, प्रत्येकाला सारखा वाटा. मला आता तीच फेकायची, आणि माती काढायचं कामही तिचंच. या वेळी नकाशा खरा झाला. मालकीणबाईंनी चांदवेलीचा पिच्छा पुरवला आणि वरचं अंग सोडवलं, म्हणजे शेताचं काम मार्गी लागलं.

त्या हंगामात मी एकदा खांबापाशी पडले. कुणी ठरवून नाही, दोरीच्या त्या चौकोनाची पाळी होती.

ती आपल्या जुन्या बाजूला बसली. तिनं रोपं मोजली. मोजून झाली तरी ती उठली नाही. समोर, त्याच्या बाजूला, वाटसरूचा पुंजका पिवळा पडत चालला होता. तिथं आता कुणी बसत नव्हतं, माती पुन्हा मऊ होत होती, आणि केन्यानं तिकडे पाय पसरायला सुरुवात केली होती. ती बघत राहिली. मग माझ्यावरून ओणवी झाली आणि तिनं केन्याची ती रोपं एकेक करून उपटली.

तुम्हाला यात काही वाटणार नाही. पण मी या बाईला जन्मात कधी तण उपटताना पाहिलं नव्हतं. चांदवेल सोडली तर, आणि तीही बघण्यापुरती. सगळी रोपं काढून झाल्यावर तिनं ती जागा दोन्ही तळहातांनी दाबली. जोर लावून, वजन टाकून, पुन्हा पुन्हा. तिचे केस पुढं आले होते आणि नाकावरून थेंब माझ्यात पडत होते. कुणासाठी तरी जागा धरून ठेवावी, तशी ती माती धरून ठेवत होती. खाली जीपमध्ये ड्रायव्हर झोपला होता. हे पाहायला माझ्याशिवाय तिथं कोणी नव्हतं.

एरवी मला उचललं की आतलं सगळं जागेवर राहतं. हे एवढं मात्र माझ्याबरोबर आलं.

मग तिला दूरच्या एका केंद्रात वरची जागा मिळाली आणि ती जायला निघाली. मी केंद्राची वस्तू, मला नेता येत नव्हतं. तिनं मला पुसून भांडारखोलीतल्या खुंटीला अडकवलं. भांडार सांभाळणारा नवीनच होता. दारात पोचल्यावर तिनं त्याला विचारलं, "ते मातीवाले साहेब आहेत का आत?"

"आहेत की. बोलावू?"

"नको," ती म्हणाली. "सहज विचारलं."

आणि ती गेली. त्या खुंटीवर मी जितकी तळमळले तितकी कधी तळमळले नाही. आतल्या खोलीत, दोन भिंतींपलीकडे तो बसला होता, पिशव्यांतली माती चाळत. त्याला हाक मारायला मला तोंड नव्हतं.

पुढं केंद्रानं आकाशातून फोटो काढणारं यंत्र आणलं. ते उडत येतं, सगळं शेत टिपतं, निघून जातं. त्याला बसावं लागत नाही. मी भंगाराच्या ढिगात गेले. पिवळा रंग उडाला, एका कोपऱ्याला गंज चढला. ढेकळे निवृत्त झाला त्या दिवशी साहेबांनी विचारलं, काही हवं असेल तर सांगा. त्यानं ढिगाकडे बोट दाखवलं. साहेबांना वाटलं, माणूस वयानं थोडा हललाय.

आता मी त्याच्या अंगणात आहे. त्यानं मला कुंपणापासून जरा आत, मोकळ्या मातीवर ठेवलं आहे. बाकी अंगण तो लख्ख ठेवतो, पण माझ्या आत जे उगवेल त्याला हात लावत नाही. त्याला सगळ्यांची नावं येतात, तिच्याकडून ऐकलेली. संध्याकाळी तो माझ्या एका बाजूला येऊन बसतो, आत वाकतो आणि सावकाश मोजतो. संपत आलं की चुकल्यासारखं करून पहिल्यापासून मोजतो. तो बसतो तिथली माती आता घट्ट झाली आहे, आणि यंदा तिथं वाटसरू उगवलं आहे. एकच पुंजका.

समोरच्या बाजूला केना माजला आहे. परवा अक्का विळा घेऊन आली. ती थकली आहे, पण तिची जीभ अजून शाबूत आहे.

"ही बाजू तरी साफ करू का? लोक म्हणतील, जन्मभर शेतकऱ्यांना शिकवलं आणि यांच्याच दारात रान."

"राहू दे," तो म्हणाला. "तिथं कुणी बसायला लागलं की आपोआप जाईल."

अक्कानं त्याच्याकडे पाहिलं, विळा खाली ठेवला आणि आत गेली. थोड्या वेळानं दोन कप चहा बाहेर आणून ठेवला. दुसरा तसाच निवला.

मला त्याला सांगायचं आहे की तिनं तुझ्या जागेवरचं तण स्वतःच्या हातानं काढलं होतं. रोज संध्याकाळी सांगायचं असतं आणि रोज राहतं, कारण लोखंडाला वाचा नाही. म्हणून हे तुमच्यापाशी बोलतेय. तुम्ही कधी एखाद्या शेताच्या कडेनं जात असाल आणि तिथं कुणी बाई वाकून गवताशी बोलताना दिसली, केस पिकलेले असतील आता, तर तिच्यापाशी क्षणभर थांबा. तिला म्हणावं, तो अजून तुमचा शब्द पाळतोय, तो तेवढा मागं घ्या. म्हणावं, तो एकाच बाजूला बसतो, आणि समोरची माती अजून मऊ आहे.